टॉनिकनं नुकसान होत न्हाई

अहमदपूरच्या बाजार समितीजवळ व्यंकटचं कृषी सेवा केंद्र आहे. सोयाबीनवर अळी पडली म्हणून गिऱ्हाईक आलं की व्यंकट अळीचं औषध देतो आणि त्याच्या शेजारी टॉनिकची बाटली ठेवतो. तुरीची पानं पिवळी पडली, टॉनिक. पीक झकास उभं आहे आणि माणूस नुसता बियाण्याचा भाव विचारायला आलाय, तरी तो टॉनिक घेऊनच पायरी उतरतो. "औषध चुकलं तर चुकलं, टॉनिकनं नुकसान होत न्हाई," हे व्यंकटचं ठरलेलं वाक्य. यात लबाडी होती असं म्हणवत नाही. स्वतःच्या रानातही तो तेच मारायचा. विकणाऱ्याचा आपल्याच मालावर विश्वास असणं ही दुर्मीळ गोष्ट आहे. ती दर वेळी चांगलीच असते असं मात्र नाही.

त्याची मुलगी तनुजा लातूरला एका खाजगी क्लासात नीटच्या पोरांना जीवशास्त्र शिकवायची. लातुरात डॉक्टर व्हायला आलेली पोरं जितकी, त्यांना शिकवणारे डॉक्टर होता होता राहिलेले शिक्षकही जवळजवळ तितकेच. तनुजा त्यांतलीच. तिची शिकवण्याची हातोटी अशी की मागच्या बाकावरचं पोरगंही मोबाईल खाली ठेवायचं. प्रतिकारशक्तीच्या धड्यात एक ओळ येते: विषाणू शिरलेली पेशी इंटरफेरॉन नावाची प्रथिनं सोडते आणि शेजारच्या निरोगी पेशींना वाचवते. त्या ओळीशी आली की तनुजा फळ्यावर टकटक करायची. "याच्यावर प्रश्न आला तर चार मार्क घरचे. इंटरफेरॉन म्हणजे भला शेजारी. लक्षात ठेवा, पोरांनो."

मग एका वर्षी तिला मार्कर धरवेना. बोटांचे सांधे सकाळी असे आखडायचे की कुर्त्याचं बटण लावायला रूममेट लागायची. नाकाच्या दोन्ही अंगांनी गालावर तांबूस चट्टे उठले. पोरी म्हणाल्या, मॅडम, कोणता मेकअप लावता? रोज दिवस कलला की ताप. लातुरातल्या डॉक्टरांनी तो ताप आपसात वाटून घेतला. एकानं व्हायरल म्हटलं, दुसऱ्यानं चिकनगुनिया, तिसऱ्यानं टायफॉइड, आणि अशक्तपणा सगळ्यांनीच. शेवटी एकानं लघवीचा रिपोर्ट नीट वाचला आणि म्हणाला, "हे माझ्या हातातलं न्हाई. नांदेडला जा."

नांदेडला डॉक्टर लुबना होत्या. वडिलांचं इतवाऱ्यात अत्तराचं दुकान. बाईंच्या बोलण्यात मराठी निम्मी आणि सबर, म्हणजे धीर, निम्मा. रक्त झालं, किडनीचा बारीक तुकडा काढून तपासणीला गेला, आणि मग एका दुपारी त्यांनी व्यंकट, त्याची बायको सिंधु आणि तनुजाला समोर बसवून सांगितलं की हा ल्यूपस आहे आणि तो किडनीपर्यंत पोचलाय.

व्यंकटनं नाव ऐकून घेतलं. नावाशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. "मॅडम, काही ताकदीचं लिहा की. पोरगी पार वाळून गेली."

"काका, हिची ताकद कमी न्हाई. जास्त झालीय. तेच तर दुखणं हाय."

व्यंकटनं बायकोकडं पाहिलं. सिंधुनं तनुजाकडं. वजन उतरलेल्या, केस गळालेल्या त्या पोरीत जास्तीची ताकद कुठं आहे हे दोघंही शोधत होते.

"असं बघा," डॉक्टर लुबना म्हणाल्या, "अंगात विषाणू शिरला की पेशी सांगावा धाडतात. चोर आला, उठा. तो सांगावा म्हणजे बारीक प्रथिनं असतात. चोर गेला की सांगावा थांबायला पाहिजे. हिच्या अंगात तो थांबतच न्हाई. चोरच न्हाई, तरी सांगावा चालू. ज्यांनी ऐकला ते पुढं आणखी चार जणांना सांगायलेत. सगळे काठ्या घेऊन बाहेर. मग समोर दिसंल त्याला बडवायचं. समोर सांधे हायेत, कातडी हाय, किडनी हाय."

"म्हणजे अफवा," व्यंकट म्हणाला.

"हाव काका. अफवाच म्हणा."

"इंटरफेरॉन?" तनुजानं विचारलं.

डॉक्टर लुबनांनी पहिल्यांदा तिच्याकडं पेशंटसारखं न बघता पाहिलं. "सगळा दोष त्याचाच न्हाई. बाकीचीबी मंडळी हायेत. पण म्होरक्या तोच, असं समजतात."

"माझ्या रक्तात किती आहे, मोजता येतं?"

"रोजच्या कामात न्हाई मोजत आपण. त्यानं केलेलं नुकसान मोजतो. तुझ्या लघवीतून प्रथिनं जायलीत, ते मोजू. क्रिएटिनिन मोजू, किडनी थकली की ते वाढतं."

तनुजा जरा हसली. भल्या शेजाऱ्याबद्दल तिला एकच ओळ माहीत होती, आणि ती पाठ होती.

मग गोळ्या आल्या. एक सूज उतरवणारी, एक मलेरियाची ("मलेरिया कुठं झालाय हिला?" व्यंकट पुटपुटला), आणि एक प्रतिकारशक्ती दाबणारी, किडनी बदललेल्या लोकांना देतात तीच. डॉक्टर लुबनांनी पथ्य सांगितलं. ऊन नको. सर्दी-खोकल्याच्या माणसाजवळ बसणं नको. "अन् काका, काढा न्हाई, गुळवेल न्हाई, ताकदीची पावडर न्हाई. जागं झालेलं झोपवायचं हाय आपल्याला. त्याला आणखी जागं करायचं न्हाई. किडनी अजून वाचंल. पण ह्या दोन-तीन महिन्यांतच काय ते हाय."

"समजलं," व्यंकट म्हणाला. आणि त्याला समजलंही होतं. समजण्यात व्यंकट कधीच कमी नव्हता.

घात झाला परतीच्या बसमध्ये. औशाच्या मारोतरावांचा फोन आला. मारोतराव म्हणजे व्यंकटचे थोरले चुलतभाऊ, निवृत्त मुख्याध्यापक आणि भावकीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपचे सर्वेसर्वा. शाळा सुटली तरी हजेरी घ्यायची सवय सुटलेली नव्हती. त्यांनी विचारलं, कुठं हायस? व्यंकटला त्यांच्याशी आयुष्यात खोटं बोलता आलेलं नव्हतं. त्यानं सगळं सांगितलं, आणि बसच्या खडखडाटात जितकं ऐकू गेलं तितकं मारोतरावांनी ऐकलं.

"काय करायच्या गोळ्या?"

"प्रतिकारशक्ती कमी करायच्या, अण्णा."

"कमी? इथं दुनिया प्रतिकारशक्ती वाढवायला मरायली अन् तू पोरीची कमी करायलास? डोकं ठिकाणावर हाय का?"

"तसं न्हाई अण्णा, तिची जास्त झालीय—"

"जास्त प्रतिकारशक्ती झालेला माणूस दाखव मला एक!"

व्यंकटकडं दाखवायला एकच होता, आणि तो खिडकीला डोकं टेकून झोपला होता.

बस अहमदपूरला लागायच्या आत ग्रुपवर मजकूर पडला होता. मुख्याध्यापकी भाषेत: आपल्या व्यंकटची कन्या तनुजा गंभीर आजारी असून तिची शक्ती पूर्णपणे गेलेली आहे, तरी सर्वांनी प्रत्यक्ष भेटून धीर द्यावा. कुणी हात जोडले, कुणी अश्रू टाकले, आणि दुसऱ्या दिवसापासून भावकी यायला लागली.

आमच्याकडं लग्नाला कोण आलं नाही हे लोक विसरतात. दुखण्याला कोण आलं नाही हे विसरत नाहीत. त्यामुळं दुखण्याला सगळे येतात, आणि रिकाम्या हातानं कुणी येत नाही. आणलेलं परत करायचं नाही हाही नियमच. परत केलं तर माणसालाच परत केल्यासारखं होतं. ज्याच्या बांधावरच्या कडुलिंबावर गुळवेल चढली होती त्यानं ती तोडून आणली, कडुलिंबावरचीच खरी गुणाची असं बजावून. एकीनं शेवग्याच्या पाल्याची पूड आणली. एक पुतण्या प्रोटीनचा डबा घेऊन आला. लघवीतून प्रथिनं जायलीत हे त्यानं ऐकलं होतं, आणि त्याचा हिशोब सरळ होता: जितकं जायलंय तितकं वरून भरायचं. आत्याबाईंनी तिळाचं तेल कोमट केलं, तनुजाचे गुडघे चोळले आणि तिला माळवदावर कोवळ्या उन्हात नेऊन बसवलं. सिंधु जिन्यात आडवी आली तर म्हणाल्या, "अगं, उन्हानं कुणाचं वाईट झालंय?"

सिंधुला उत्तर ठाऊक होतं, पण नणंदेला द्यायचं नव्हतं. तिनं चहा ठेवला. त्या दिवसांत तिनं फक्त चहाच ठेवला असं म्हटलं तरी चालेल.

एका रविवारी घर भरलेलं असताना तनुजा उठली. भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, उलटं केलं आणि त्याच्या पाठीवर तिनं पेशी काढली. सुजलेल्या बोटांनी मार्कर धरून तिनं भावकीला इंटरफेरॉन शिकवला. पेशीतून निघालेले बाण, दुसऱ्या पेशीच्या दारावरची कडी, कडी वाजली की आत काय होतं ते. गुळवेलीनं प्रतिकारशक्ती आणखी जागी होते, उन्हानं मेलेल्या पेशींचा कचरा पडतो आणि त्या कचऱ्याला अंग विषाणू समजतं, तुमच्यातल्या एकाची सर्दीसुद्धा मला महागात पडेल, हे तिनं हात जोडून सांगितलं. आवाज चढला नाही, शब्द अडकला नाही.

सगळे तल्लीन होऊन ऐकत होते. मारोतराव तर पहिल्या रांगेत. तिचं संपल्यावर त्यांचे डोळे भरून आले.

"व्यंकट, काय शिकवती रे पोरगी! एकदाबी पुस्तकात बघितलं न्हाई."

"लई हुशार," पुतण्या म्हणाला.

"इतकं बोलून दमली असंल," आत्याबाई म्हणाल्या. "सिंधु, काढा आण जरा गरम करून."

तनुजानं कॅलेंडर खुंटीला परत लावलं. पेशीची बाजू भिंतीकडं गेली. काढा तिनं घेतला नाही. ओठ मिटून ती आत जाऊन पडली, आणि बाहेर पाच-सहा जणांनी हळू आवाजात ठरवलं की आजारानं पोरीचा स्वभाव चिडचिडा झालाय.

जाताना मारोतरावांनी व्यंकटला दारात गाठलं. खिशातून पुडी काढली. गुळवेल, अश्वगंधा आणि आणखी काय काय, घरी कुटलेलं. "तिला कळू देऊ नको. गोळ्या बंद कर म्हणत न्हाई मी. त्या चालू दे. हे वरून."

"वरून" हा शब्द व्यंकटला फार ओळखीचा वाटला. इतके दिवस त्याला काय करू नको तेवढंच सांगितलं जात होतं, आणि आता पहिल्यांदा कुणीतरी करण्याजोगं काही हातात देत होतं. पोरगी डोळ्यांदेखत खंगत चालली आहे आणि बापानं फक्त थांबायचं, हे औषध त्याला पचत नव्हतं. त्यानं पुडी सिंधुला दिली.

"डॉक्टरीणबाई नको म्हणल्या होत्या," सिंधु म्हणाली.

"गोळ्या चालूच हायेत की. हे टॉनिक हाय. टॉनिकनं नुकसान होत न्हाई."

पूड कडू होती. सिंधुनं ती कारल्याच्या भाजीत घातली. कडूत कडू खपून जाईल हा तिचा अंदाज. त्या महिन्यात त्या घरात कारलं फार वेळा झालं. तनुजा जेवायला बसली की दोघं समोर बसायचे. तिनं ताट पुसून खाल्लं की व्यंकटला दुकानात जरा बरं वाटायचं.

भेटायला आलेल्यांपैकी कुणाची तरी सर्दी तिला लागली. चार दिवस नाक गळलं, थांबलं. मग एका सकाळी तिच्या पायात चप्पल शिरेना. तोंड असं सुजलं की डोळे फटीएवढे. लघवीला फेस, आणि जिना चढून आली की दम. व्यंकटनं शेजाऱ्याची गाडी काढली आणि तिघं पुन्हा नांदेडला आले.

डॉक्टर लुबनांनी रिपोर्ट वाचला. क्रिएटिनिन दुपटीनं वर गेलं होतं.

"गोळ्या चुकवल्या?"

"एकबी न्हाई," व्यंकट ठामपणे म्हणाला. आणि ते खरं होतं.

"आणखी काही खाल्लं? काढा, पूड, काहीबी. मी रागवणार न्हाई, पण मला कळायला पाहिजे."

व्यंकट खिडकीबाहेर बघू लागला. सिंधुनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. बाहेर कुणाचा तरी नंबर पुकारला गेला.

"गुळवेल होती," तनुजा खाटेवरून म्हणाली. "अश्वगंधा असेल, वासावरून. कारल्याच्या भाजीतून. महिनाभर."

सिंधु खाटेकडं वळली. "तुला... कळलं होतं?"

"पहिल्याच दिवशी. कारलं इतकं कडू कुठं असतं, आई?"

"मग खाल्लंस कशाला ग?"

तनुजाला बोलताना दम लागत होता, तरी ती शिकवताना जशी सावकाश बोलायची तशीच बोलली. "तुम्ही दोघं ताटाकडं बघत बसायचात. मी घास गिळला की मगच तुमचा घास हलायचा. पप्पा तर दिवसातून तेवढंच जेवायचे. मला वाटलं, थोड्यानं काय होतंय."

पोरांना चार मार्क मिळवून देणारी ही बाई. तीही शेवटी व्यंकटचीच मुलगी निघाली.

डॉक्टर लुबनांनी खरंच राग केला नाही. राग केला असता तर बरं झालं असतं, असं व्यंकटला वाटलं. तो त्यांच्या मागोमाग बाहेर आला आणि त्यानं व्हरांड्यात त्यांना थांबवलं. "मॅडम, एकच सांगा. हे पुडीनं झालं का?"

"माहीत न्हाई, काका."

"म्हणजे पुडीनं न्हाई झालं?"

"तसंबी म्हणत न्हाई मी. पुडीनं झालं असंल. सर्दीनं झालं असंल. उन्हानं. अन् काहीच केलं नसतं तरी झालं असतं, असंबी होतं ह्या आजारात. गोळ्या लागूच पडत न्हाईत काहींना."

"पण कुणाच्या तरी नावावर पडायला पाहिजे की हे."

"पडत न्हाई." त्या दमल्या होत्या. "मीच पहिल्या वेळी जरा जोरात औषध द्यायला पाहिजे होतं का, हे मला रात्रभर वाटणार हाय. त्याचंबी उत्तर न्हाई."

व्यंकटला आयुष्यात पहिल्यांदा असं नुकसान भेटलं की जे कुठल्याच खात्यावर टाकता येत नव्हतं. स्वतःच्या खात्यावर टाकायला तो तयार होता. तेही कुणी घेईना.

सलाईनमधून स्टिरॉइडचे मोठे डोस सुरू झाले. त्याच्यानंतर एक जहाल औषध द्यायचं ठरलं, कर्करोगात वापरतात तेच. तनुजानं विचारलं, इंटरफेरॉनची कडीच काढून टाकणारं इंजेक्शन आलंय म्हणे? तिनं मोबाईलवर वाचलं होतं. "आलंय," डॉक्टर लुबना म्हणाल्या. "पण तुझ्यासारख्या किडनीसाठी अजून अभ्यास चालू हायेत. मी तुला आधी तेच देणार ज्याचा अनुभव हाय. त्यानं बऱ्याच जणी उठतात."

"आणि बाकीच्या?"

डॉक्टर लुबनांनी सलाईनची गती उगाच तपासली. "सबर कर," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी भावकी दवाखान्यात आली. दोन जीपगाड्या. व्यंकट धावत खाली गेला. या वेळी कुणाच्याच हातात पिशवी नव्हती. कारल्याची गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचली होती, कारण आमच्याकडं गोष्ट पोचतेच. आत्याबाई नजर वर करीनात. मारोतराव पुढं झाले. टोपी हातात, आणि माणूस एका महिन्यात दहा वर्षांनी म्हातारा दिसत होता.

"व्यंकट, माझी घे," ते म्हणाले.

"काय, अण्णा?"

"किडनी. मला बीपी न्हाई, साखर न्हाई. औशाला सगळं तपासून आलोय. वय झालंय, पण माल चांगला हाय. कागद काय लागतील ते सांग."

मागं पुतण्या उभा होता. "काकांची चालली न्हाई तर माझी," तो म्हणाला. आणखी दोघं पुढं सरकले. ती माणसं थट्टा करत नव्हती. मागितलं असतं तर त्यांनी तिथंच फाटकाजवळ काढून दिलं असतं. व्यंकटला त्यांचा राग धरायचा होता, रात्रभर त्यानं तो जमवून ठेवला होता, आणि आता तो ठेवायला जागा राहिली नाही.

"अण्णा, आत्ता कुणाचीच चालत न्हाई," तो म्हणाला. "मी विचारलं. मी स्वतःचीच द्यायला निघालो होतो. आतली आग शांत व्हायला पाहिजे म्हणतात आधी. आत्ता नवी बसवली तर तिलाबी तेच बडवतील."

"मग कधी शांत होणार?"

"सांगता येत न्हाई."

"मग आम्ही काय करावं?"

"बसा," व्यंकट म्हणाला.

ते बसले. कुणी पायरीवर, कुणी जीपच्या फुटबोर्डावर. कुठल्या खिडकीत तनुजा आहे ते कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून जो तो वेगवेगळ्या खिडकीकडं बघत होता.

व्यंकट वर आला. तनुजा जागी होती. सिंधु तिच्या सुजलेल्या पायाशी हात ठेवून बसली होती.

"कोण आलंय?" तनुजानं विचारलं.

"सगळेच. वर येत न्हाईत. खालीच बसतो म्हणालेत."

"बसू द्या." तिनं डोळे मिटले आणि परत उघडले. "त्यांच्यात कुणाला सर्दी-खोकला आहे का, पप्पा? उद्या ते औषध सुरू झालं की माझ्यात काहीच उरणार नाही. डॉक्टर म्हणाल्या, साधा खोकलाही नको. फाटकातही नको, तुम्ही वर-खाली करता म्हणून."

व्यंकट आठवू लागला. आठवायला वेळ लागला नाही. किडनी घे म्हणताना मारोतरावांना दोनदा ठसका आला होता. दोन्ही वेळा त्यांनी टोपी तोंडावर धरली होती.

"एकाला हाय," तो म्हणाला.

"त्यांना तेवढं घरी पाठवता का?"

"पाठवतो."

तो उठला. दारापाशी गेला, चपला पायात सरकवल्या. खालून पुन्हा तोच ठसका ऐकू आला. माणूस दाबून खोकतो तसा. सिंधु नवऱ्याकडं बघत होती. तनुजा बघत होती. व्यंकटनं दाराच्या कडीवर हात ठेवला, आणि कोणत्या शब्दांत सांगावं ते सुचेना म्हणून तो तिथंच उभा राहिला.